अपव्यय की उधळपट्टी?

नातवाच्या उष्टावणाला मी चांदीची वाटी आणि चमचा घेतला होता. त्या चमच्याने खीर एकदाच भरवली. पुढे पोर वाढले ते स्टीलच्या चमच्यावर, आणि चांदीचा चमचा गेला बँकेच्या लॉकरमध्ये.

हे आठवले थॉर्स्टीन व्हेब्लेनमुळे. नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या शेतकरी आईबापांचा हा मुलगा शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत असे. १८९९ साली त्याचे ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हे पुस्तक निघाले. श्रीमंतांच्या खर्चावर टीका करणारे पुष्कळ झाले, पण ते बहुधा रागावतात. आपल्याकडेही ‘चंगळवाद’ म्हटले की निकाल लागलेलाच असतो, आणि आरोपी नेहमी शेजारच्या घरातला! व्हेब्लेन रागावत नाही. लांबलचक, रुक्ष वाक्ये लिहितो. रानटी टोळ्यांना शोभतील असे ‘लूट’, ‘विजयचिन्ह’ हे शब्द आपल्या काळातल्या सुखवस्तू माणसांना लावतो, तेही अगदी शांतपणे.

बंगल्यापुढची हिरवळ घ्या. ते मुळात कुरणच. तिथे गाय चरायला सोडणे सोयीचे, पण गाय म्हटली की काटकसर आठवते. म्हणून तिच्याऐवजी हरणे ठेवतात, असे तो सांगतो. गाईचा दोष काय, तर ती उपयोगी आहे!

मला सर्वांत आवडते ती ‘वेस्ट’ या शब्दाची चलाखी. दुसरा बरा शब्द नाही म्हणून हा वापरतो, यात निंदा अभिप्रेत नाही, असे तो आधीच बजावतो आणि मग पानोपानी तोच शब्द पेरत जातो. वर्गात शिकवताना मी अडलो. ‘उधळपट्टी’ म्हणावे, तर शब्दच बोट उगारतो. ‘अपव्यय’ कसा, हिशेबतपासनिसाच्या अहवालातला वाटतो. मी फळ्यावर ‘अपव्यय’ लिहिले. मुले हसली नाहीत. दोन तासिकांनंतर मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारले, “सर, मोबाइलचे कव्हर यात धरायचे का?” शब्द लागू पडला होता.

आणि मग चमच्याचा उतारा आला. हाताने घडवलेला चांदीचा चमचा दहा ते वीस डॉलरचा, यंत्रावरचा ॲल्युमिनियमचा दहा ते वीस सेंटचा; काम दोघांचे सारखेच. पण हातघडणीचा म्हणून घेतलेला चमचा हुबेहूब नक्कल निघाला, तर त्याची उपयुक्तता तत्काळ ऐंशी-नव्वद टक्क्यांनी घटते, असे व्हेब्लेन म्हणतो. खीर तर तेवढीच मावते! मग ‘उपयुक्तता’ कशाची? सुंदर वस्तू म्हणून न्याहाळण्यातले समाधानही तो तीत धरतो. आणि वर टक्केवारी देतो. बाकीच्या पुस्तकाला मी हसलो होतो, इथे हसू आले नाही.

पुढच्या महिन्यात धाकट्या नातीचे उष्टावण आहे. परवा सराफाकडे जाऊन आलो. चमचा हातघडणीचाच आहे ना, एवढे मात्र विचारून घेतले.