डोळे मिटून टायट्रेशन



आपल्यातले पाच-सहाजण आज कॉलेजात शिकवतात, दोघे बांधकामात आहेत. म्हणून आठवणी थोड्या बाजूला ठेवून कामाचंच बोलते.

अंध व्यक्तीला स्क्रीन रीडरवर सॉफ्टवेअर वापरता येतं का, हे तपासणं ही माझी नोकरी. त्यातून ओळख झालेली एक अंध मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करते आहे. थिअरीत हुशार. प्रॅक्टिकलला मात्र तिला स्टुलावर बसवतात. जोडीदार ब्युरेट चालवतो, ती लॅपटॉपवर आकडे टिपते. सर प्रेमळ आहेत हो! "तुला कशाला त्रास?" म्हणतात. पण त्या प्रेमापायी तिने एकही प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला नाही. उद्या एम.एस्सी.ला काय करायचं तिने?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे प्रवेश मिळतो, ओटा मिळत नाही.

फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी झालं हे डोळ्यांनीच कळायला हवं असं नाही. प्रकाश मोजणारा सेन्सर लावला की रंग बदलताच आवाजाची पट्टी बदलते. अमेरिकेतले अंध रसायनतज्ज्ञ कॅरी सुपालो यांनी अशी साधनं केली आहेत. ब्युरेटऐवजी खाचा पाडलेली सिरिंज चालते. बोलणारे थर्मामीटर मिळतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तर फुकट आहे. अडतं कुठे, तर उपकरणासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये! बटणांवर नुसती चित्रं, त्यांना नावंच नाहीत. स्क्रीन रीडर वाचणार काय? तेव्हा प्राध्यापकांनो, खरेदीच्या टेंडरमध्ये दोन ओळी घाला: सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवर चाललं पाहिजे, आणि आकडे साध्या फाईलमध्ये बाहेर काढता आले पाहिजेत.

बांधकामवाल्यांनो, लॅबचा ओटा उभं राहून काम करायच्या हिशोबाने साधारण ९० सें.मी. उंच असतो. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी एक ओटा ७५-८० सें.मी.चा करा. खाली कपाट नको, गुडघे जाऊ द्या. नळ आणि गॅसची चावी पुढच्या बाजूला, हात पुरेल अशी.

"ॲसिड सांडलं तर?" हा प्रश्न येणारच. आपल्या शाळेच्या लॅबमधली टेबलं बघून या. ते सगळे डाग डोळस मुलांनी पाडलेले आहेत, त्यातले काही इथेच बसलेत.

चहानंतर मी लॅबमध्ये सेन्सर, चुन्याची निवळी, फिनॉल्फ्थॅलीन आणि व्हिनेगर घेऊन बसणार आहे. सर, डोळ्यांवर रुमाल बांधून पहिलं टायट्रेशन तुम्ही कराल का?