आईच्या लुगड्याची गोधडी



लालबाग-परळच्या चाळींत,
गिरणी कामगारांच्या घरी,
जुन्या लुगड्याधोतरांच्या गोधड्या शिवल्या जायच्या.

गेलेल्या माणसाचे कपडे
बोहारणीला देताना हात अडखळतो ना?
मग देऊ नका.
त्यांची गोधडी शिवा.

सुती कपडे धुऊन उन्हात वाळवा.
आईचं लुगडं अस्तराला घ्या.
वर बाबांच्या सदऱ्याचे तुकडे मांडा.
सदऱ्याचा खिसा मात्र तसाच राहू द्या.
मग कडेपासून आत धावदोरा घाला.

घाई नको.
टाके घालता घालता आठवणी निघतात.
रडू येतं, बोलणं होतं.
मला तर हेच खरं काम वाटतं.

१९८७ साली वॉशिंग्टनच्या मैदानात
एड्सने गेलेल्यांच्या नावांची
भलीमोठी गोधडी अंथरली होती.
तीही जिवलगांनीच शिवलेली.

म्हणून पुन्हा सांगते,
कपडे देऊन टाकू नका, गोधडी शिवा.
आणि घरातल्या प्रत्येकाला
त्यात चार टाके घालू द्या.