दलदलींतील नत्र आणि चुना

आयर्लंडच्या मध्यभागींच्या तपकिरी दलदलींत जो उभा राहील, त्याला पायांखालीं जमीन आहे कीं भिजलेली गादी, असा संभ्रम पडेल. ही नेहमींची माती नव्हेच. स्फॅग्नम नांवाचें शेवाळ हजारों वर्षें पाण्यांत सांचलें. हवा न मिळाल्यानें तें पुरतें कुजलें नाहीं. त्या थराला पीट म्हणतात. तेथील लोक तें वाळवून चुलींत जाळीत आले आहेत.

गंमत अशी, कीं खालचा खडक बहुतेक ठिकाणीं चुनखडीचा, आणि वरचा थर मात्र आंबट. आम्लतेच्या मापांत ७ हा अंक उदासीन मानतात. येथें तो ४ च्या आसपास असतो. वाळलेल्या पीटमध्यें शेंकडा सुमारें १ भाग नत्र असतें, तरी तेथें पेरलेलें गवत नत्रावांचून पिवळें पडतें. हें नत्र न कुजलेल्या द्रव्यांत अडकलेलें असतें. जंतूंनीं आधीं त्याचा अमोनिया करावा, मग दुसऱ्या जंतूंनीं त्याचें नायट्रेट करावें, तेव्हां पिकाला भरपूर अन्न मिळतें. हे दुसरे जंतु विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० मध्यें वेगळे करून दाखविले. त्यांना आम्लता सोसत नाहीं.

म्हणून शेतकरी चर खणून पाणी काढीत, भट्टींत पीट जाळूनच चुनखडी भाजीत, आणि तो चुना दलदलीवर पसरीत. पानाच्या डब्यांतला चिमूटभर चुना ज्यांना ठाऊक, त्यांना गाड्याच्या गाड्या चुना हा उधळेपणा वाटेल! फळ तरी लगेच मिळे असें नाहीं. जागे झालेले जंतु सुटलेलें नत्र प्रथम स्वतःच खातात. म्हणून चुन्यासोबत खतही लागे.

पुढें नायट्रेट वाढतें, पण तें पाण्यांत विरघळून चरांतून वाहून जातें. जेथें ओल राहते तेथें जंतु त्याचा वायु करितात. त्यांतील नायट्रस ऑक्साईड शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साईडच्या सुमारें २७० पट उष्णता कोंडतो. आंबट पीटमध्यें या वायूचें निरुपद्रवी नत्र होण्याची शेवटची पायरी अडखळते; चुन्यानें ती सुकर होते. अर्थात् चुना एकीकडे नायट्रेट वाढवितो, दुसरीकडे त्याचा विषार कमी करितो. मात्र कोरडा झालेला थर कुजून खचत जातो, आणि हजारों वर्षांची सांठवण हवेंत जाते. हें नुकसान चुन्यानें भरून निघत नाहीं.

१९४६ मध्यें स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी संस्थेनें २०२१ मध्यें पीट काढणें कायमचें थांबविल्याचें जाहीर केलें. आतां अनेक जुने चर बुजविले जात आहेत. पाणी चढतें, हवा कोंडते, नायट्रेट करणारे जंतु स्वस्थ बसतात, आणि शेवाळ पुनः धरूं लागतें.