आकाशाचा कानोसा

लखनौच्या आलमबागेत रेल्वेचा जुना कारखाना आहे, बसस्थानक आहे आणि २०१७ पासून मेट्रोही धावते. अशा गजबजलेल्या वस्तीत रेडिओ लावला, म्हणजे गाण्यामागून खरखर ऐकू येते. ती बहुतांशी माणसाच्या यंत्रांची असते. परंतु आकाशाचाही तीत एक अत्यंत क्षीण अंश असू शकतो. हा अंश आकाशगंगेकडून येतो, असे कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली जाहीर केले आणि रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म झाला.

भारतात या शास्त्राचा पाया घातला तो गोविंद स्वरूप यांनी. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या लहान थाळ्यांची दुर्बीण १९६५ साली कल्याणजवळ उभी केली. १९७० साली उटीची दुर्बीण सुरू झाली, आणि पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे केंद्राने महाकाय दुर्बीण उभारली. तिच्या तीस थाळ्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. पण पृष्ठभाग पत्र्याचा नव्हे, तर पोलादी तारांच्या जाळीचा. रेडिओलहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्याने त्यांना ती जाळी आरशासारखी भासते; वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे वजनही वाचले आणि खर्चही.

सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजनपासून निघालेली लहर या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. निघताना तिची लांबी एकवीस सेंटिमीटर होती. विश्वाच्या प्रसरणाने ती येथे पोहोचेपर्यंत अठ्ठेचाळीस झाली होती.

असा कानोसा घेण्यास शांतता हवी. येथे शांतता म्हणजे कोंबड्याने आरवू नये असे नव्हे. ठिणगी, भ्रमणध्वनी आणि संदेशयंत्रणा यांचा उपद्रव नसावा, एवढेच. पण हे 'एवढेच' सोपे नाही. नियोजित पुणे-नाशिक लोहमार्गाचा मूळ आराखडा दुर्बिणीच्या परिसरातून जाणारा होता. निरीक्षणात व्यत्यय येईल या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने तो मान्य केला नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या शेतकऱ्याला जवळची आगगाडी हवी होती, आणि त्याची मागणी गैर नव्हती. तीस थाळ्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, मार्ग वळवता येतो, हे खरे. तथापि खोडदच्या शांततेचे मोल जुन्नरचा शेतकरीही देत आहे, हे दूर आलमबागेतल्या श्रोत्यानेही ध्यानात ठेवावे.