वाफ्यावर पाय नको

पहिल्या वर्षी मी परसात सपाट वाफ्यातच वांगी-मिरचीचं बी टाकलं. पावसाची झड लागली, पाणी तुंबलं आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडली. मी बियाण्याला नावं ठेवली. खरं तर माती काळी, चिकण. पाण्याचा निचराच नव्हता.

पुढच्या वर्षी गादीवाफा केला. उंची १५ ते २० सेंटिमीटर, मातीत चांगलं कुजलेलं शेणखत. रुंदी मात्र १ मीटरच ठेवा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचायला हवा. कारण वाफ्यावर पाय द्यायचा नाही. माती दबली, की निचरा गेलाच! बी ओळीत, अर्ध्या पेराइतकंच खोल.

त्या पावसात रोपं तगली. शेजारच्या काकू वीस रोपं मागून घेऊन गेल्या.