शरदात दोघांचं नागपूर

पावसाळा सरला की दोघांनीच दोन दिवस नागपूरला यावं. तिकीट काढण्याआधी मात्र पंचांग बघा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणून दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. तो सोहळा अनुभवायचा तर मुक्काम खूप आधी ठरवा. निवांतपणा हवा असेल तर कोजागिरीनंतर या. दीक्षाभूमीवरच्या स्तूपाच्या घुमटाखाली शांत बसता येतं.

ऑक्टोबरचं ऊन दुपारी चांगलंच चटकतं, तेव्हा भटकंती सकाळीच. आधी तर्री-पोहे खा: पोह्यांवर चण्याची झणझणीत लाल तर्री आणि बारीक चिरलेला कांदा.

दुसरा दिवस सुमारे 50 किलोमीटरवरच्या रामटेकला द्या. गडावर केवल नरसिंहाचं वाकाटककालीन, पाचव्या शतकातलं मंदिर आहे. राममंदिराच्या ओढीनं बरेच जण ते न बघताच पुढे जातात. तुम्ही जरूर थांबा, आतली भव्य मूर्ती डोळे भरून बघा.

दिवाळीच्या सुमारास आलात तर आंबिया बहराची संत्री मिळतील. साल हिरवट दिसली तरी नाक मुरडू नका. एक सोलून चाखा, मगच टोपली भरा.