माणिकगडाची पायवाट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ग्रुपवर आमच्या घरच्यांचे माणिकगडावरचे फोटो पाहून संयोजकांनी मला 'कुटुंबासह ट्रेकिंग' असा विषय दिला. आईला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आम्ही त्याला बाजारला जाणं म्हणायचो."

तुमच्यातले बरेच जण मनालीला जाऊन आलेत. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंच आहे आणि गाडी थेट वरपर्यंत जाते. आपला माणिकगड जेमतेम ५०७ मीटर. तिथं थंडी आणि विरळ हवा छळते, इथं ऊन. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल या सभागृहात मी काय सांगावं! म्हणून लेकरांना न्यायचं तर डिसेंबर-जानेवारीतच, सूर्य वर यायच्या आत चढायला लागायचं आणि पाणी आपलं आपण न्यायचं. सेंट-अत्तर लावायचं नाही, धूर करायचा नाही, कारण कड्याकपारीत आग्या मोहोळ असतं. अस्वल आणि बिबट्या इथले जुने रहिवासी आहेत, तेव्हा अंधार पडायच्या आत खाली यायचं.

आम्ही सात जण होतो. आई, आम्ही दोघं, धाकटा भाऊ, त्याचा मुलगा आणि माझी दोन लेकरं. गडचांदूरहून जिवतीकडे जाणाऱ्या घाटानं निघालो. कुठं डांबरी सडक, कुठं जुनी पायवाट. दोन्ही बाजूंना साग, तेंदू, धावडा. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. लेकरं पुण्यात वाढलेली, त्यांना प्रत्येक आवाज वाघाचा वाटत होता.

आईचं वय सत्तर. गुडघे दुखतात, म्हणून तिनं पहिल्या वळणापर्यंतच यायचं असं ठरलं होतं. पण पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तरी ती चालतच होती. माझी बायको मागून मला खुणावत होती की थांबवा त्यांना. तिसऱ्या वळणावर एका धोंड्याजवळ ती आपणहून थांबली. म्हणाली, "इथं टेकले होते मी."

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं या पहाडावर आली, त्यांत आमचंही एक. नांदेडकडून निघालेले माझे आईवडील हाच घाट चढले. घरातलं जातं दोघांनी वाटून घेतलं होतं. खालची तळी वडिलांच्या डोक्यावर, वरची आईच्या. ही गोष्ट मला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्या धोंड्यापाशी कळली. माझ्या मुलीनं विचारलं, "आजी, मग परत का नाही गेलात?" आई म्हणाली, "परत कुठं? हिरीत पाणी कुठं होतं?"

त्यानंतर तिला थांबा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. ती गडाच्या दरवाजापर्यंत आली.

गडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इतिहासाचे सर समोर बसले आहेत. हा किल्ला माना नागवंशी राजांचा. परंपरा तो नवव्या शतकातला मानते. पुढं हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांकडे आला. काळ्या दगडाचा दरवाजा, त्यावर नागाचं शिल्प. आत झाडोरा माजलाय. तटावर उभं राहिलं की खाली सिमेंट कारखान्यांची धुराडी दिसतात आणि पाठीमागं पहाडावरचे कापसाचे, तुरीचे तुकडे. भाकरी, ठेचा, कांदा तिथंच सोडला.

आता जे खरं बोलायचं होतं ते.

उतरताना प्यायचं पाणी संपत आलं, म्हणून वाटेजवळच्या एका शेतात गेलो. शेतवाल्यानं कळशी आणली, माझ्याकडे पाहिलं आणि माझा आठवीतला हजेरी क्रमांक सांगितला. आपल्या 'ब' तुकडीत तिसऱ्या बाकावर बसायचा तो. त्याचं नाव मी इथं घेत नाही, त्यानंच नको म्हटलं.

तुम्हाला आठवत असेल, पहाडावरची आम्ही सात पोरं वसतिगृहात होतो. शनिवारी अर्धी शाळा सुटली की घाट चढून घरी. रविवारी पीठ आणि डाळ बांधून घ्यायची, सोमवारी पहाटे उतरायला लागायचं. सोमवारचा पहिला तास आम्हाला क्वचितच मिळाला. 'पहाडी आले' असा गलका व्हायचा, तो तुम्हीच करायचात! पुढं सातातले तिघंच दहावीला बसले. बाकीचे चौघे कुठं गेले, हे आम्ही तिघांनीही विचारलं नाही. कुणाच्या घरी गुरं होती, कुणाचा बाप गेला, आणि दर आठवड्याला पीठ कुठून आणायचं हा प्रश्न तर सगळ्यांनाच होता.

मे २०१८मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टवर पोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. ऑगस्ट २०१७पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असं त्यांचं प्रशिक्षण झालं. ती बातमी वाचताना मला आमचा सोमवारचा घाट आठवला. पायांत ताकद तेव्हाच्या पोरांच्याही होती. त्यांच्या मागं उभं राहणारं कुणी नव्हतं.

त्या मित्राला मी मेळाव्याचं आमंत्रण दिलं. तो म्हणाला, "मी कुठं दहावी झालो?" आपली यादी दहावीच्या निकालपत्रकावरून केलेली आहे. संयोजकांनी त्यावर फार मेहनत घेतली, मला माहीत आहे. पण माझी विनंती आहे की पुढची यादी आठवीच्या हजेरीपटावरून करावी. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, पट कपाटात आहे. वाळवी लागलीय, पण नावं वाचता येतात. आपल्या वर्गातल्या ज्या मुलींची लग्नं नववीतच झाली, त्यांची नावंही त्यातच आहेत.

आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा गडावर जायचं ठरलंय. लेकराबाळांना घेऊन या. सकाळी साडेसहाला गडचांदूरच्या बसस्टँडवर भेटू. दुपारचं जेवण त्याच्या शेतात आहे. तुरीच्या शेंगा तो उकडणार आहे, भाकरी मात्र आपण न्यायच्या. आई येणार आहे, तेव्हा गुडघ्यांची सबब कुणी सांगू नये.